जन्मतारीख: कॅलेंडर की तीन चौकटी?

वेबसाइटच्या फॉर्ममध्ये जन्मतारखेसाठी यातलं कोणतं ठेवावं यावर अडला असाल तर आधी टिचक्या मोजा. महिना-महिना मागे नेणाऱ्या कॅलेंडरात १९५८ गाठायला आजोबांना सातशेहून जास्त टिचक्या लागतात. दिवस-महिना-वर्ष अशा चौकटींत आठ आकडे टाकले की झालं.

चौकटींत मात्र चुकीची तारीखही टाकता येते. ३१/०२ कोणीही टाकतं. तेव्हा ‘अवैध तारीख’ असं न म्हणता ‘फेब्रुवारीत ३१ तारीख नसते’ असं सांगा. चौकटीच्या कोडमध्ये इनपुटमोड न्यूमेरिक ठेवा, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. चौकटीचा प्रकार ‘नंबर’ (टाइप नंबर) नको, काही ब्राउझरांत माउसचं चाक फिरलं की आकडा गुपचूप बदलतो. कर्सर आपोआप पुढे ढकलू नका. मागे येऊन दुरुस्ती करणारा वैतागतो.

कॅलेंडर वार दाखवतं, म्हणून डॉक्टरांची वेळ किंवा गाडीचं तिकीट घेताना तेच बरं. पाठ असलेल्या तारखेला चौकटी.