पायडलची कायाक: पंखा की पर?

धाकटा भाऊ खाडीत गळ टाकायला पायडलवाली कायाक, म्हणजे पायांनी चालवायची अरुंद छोटी नाव, घेतोय. तळाखाली फिरणाऱ्या पंख्याची घेऊ की हलणाऱ्या परांची, यावर त्याचे दोन महिने गेले.

परांची रचना होबी कंपनीने १९९७ मध्ये बाजारात आणली. पेंग्विनच्या पोहण्यासारखे, तळाखाली दोन लवचीक पर आडवे हलतात. पुढच्या कडेला कडक दांडी, मागची कड मऊ; पाण्याच्या दाबाने ती पिळते आणि पर डावीकडे जावो की उजवीकडे, पाणी मागेच ढकललं जातं. इथे पाय सायकलसारखे गोल फिरत नाहीत, आळीपाळीने पुढे रेटायचे असतात. गुडघ्यांना हेच बरं, असं माझं मत.

उथळ पाण्यात पर सरळ जिंकतात. एक पायडल पूर्ण पुढे दाबलं की दोन्ही पर तळाला चिकटतात, नाव चिखलावरून सरकते. पंखा मात्र आख्खा वर उचलावा लागतो. शिवाय फाटक्या जाळ्याचा दोरा पंख्याच्या दांड्याला गुंडाळला, की चाकू घेऊन ओणवं व्हायचं. मी झालोय, भर ओहोटीत.

मागे जाण्यात पंखा सरस: पायडल उलटं फिरवा, झालं. परांच्या जुन्या मॉडेलांत ही सोयच नाही. नव्यांत आहे, पण महाग.

देखभाल दोन्हीकडे आहेच. परांच्या साखळ्या-केबल खाऱ्या पाण्यानंतर धुवायच्या, पंख्याच्या गिअरपेटीचं सील सांभाळायचं.

धरणाच्या खोल पाण्यात, एका जागी नाव धरून मासेमारी करणाऱ्याने पंखा घ्यावा. भावाची खाडी कांदळवनातली, ओहोटीला गुडघाभर पाणी. त्याने परच घ्यावेत, जुने मॉडेल असले तरी. मागे यायला वल्हं आहेच.