आधी माइक, मग उजेड, कॅमेरा सगळ्यांत शेवटी: खान्देशात चॅनल काढणाऱ्यांसाठी तुलना

कापूस विकला गेला, देणीघेणी भागली आणि हातात पंचवीस-तीस हजार उरले, की घरात चॅनल काढायचा विषय पुन्हा निघतो. पोराला अहिराणीत कॉमेडी करायची असते, सूनबाईंना खापरावरचे मांडे दाखवायचे असतात, एखाद्या जिभाऊंना केळीच्या बागेतून माहिती द्यायची असते. तिघांचा पहिला प्रश्न मात्र एकच: कॅमेरा कोणता घ्यायचा?

प्रश्न चुकीच्या टोकाने सुरू होतो, कारण तो दुसऱ्याचा सेटअप बघून सुचलेला असतो. मागे जांभळा-निळा लाइट, भिंतीवर काळा फोम, दोन खुर्च्या आणि तोंडापुढे मुठीपेक्षा मोठा माइक. ती खोली बांद्र्यात आहे की बोदवडला, ओळखू येत नाही. मोठ्या क्रिएटरला बरंचसं सामान कंपनीकडून येतं, आणि व्हिडिओखालच्या लिंकवरून आपण घेतलं तर त्याला कमिशनही मिळतं. यात गैर काही नाही. २०२१पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांप्रमाणे पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस तशी सांगावी लागते. पण ती शिफारस त्याच्या एसी खोलीसाठी असते, तुमच्या कूलरच्या खोलीसाठी नसते.

आवाज: वायरचा, वायरलेस की तो मोठा?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण निम्म्याहून जास्त फरक इथेच पडतो. थोडं धूसर चित्र लोक चालवून घेतात. शब्द कळला नाही की अंगठा वर सरकतो.

सगळ्यांत स्वस्त म्हणजे वायरचा कॉलर माइक. बोया बीवाय-एम१ हे त्यातलं जुनं, सगळीकडे मिळणारं मॉडेल. हजार रुपयांच्या आसपास मिळतं, वायर ६ मीटर. फोनवर लावताना त्याला सेल लागत नाही, कॅमेऱ्यावर लावलात तर लागतो. अडचण एकच, नव्या फोनला गोल जॅकच नसतो, म्हणून टाइप-सीचं कनेक्टर वेगळं घ्यावं लागतं. आयफोनला टाइप-सी आलं ते २०२३च्या १५ मालिकेपासून, त्याआधीच्याला लाइटनिंगचं लागेल. दुकानात जाताना फोन खिशात असू द्या आणि तिथेच रेकॉर्ड करून ऐका.

वायरलेसचं वेड २०१९मध्ये रोड कंपनीचा वायरलेस गो आला तिथून वाढलं. छातीवर चिकटलेला तो काळा चौकोन म्हणजे 'आम्ही क्रिएटर' असा बिल्लाच झाला. आता काहीशे रुपयांपासून वीसेक हजार आणि त्याच्याही वरपर्यंत सगळं मिळतं. चालत बोलायचं असेल, बांधावरून बागेत जायचं असेल, दोघांचा संवाद असेल, तर वायरलेसच सोयीचा. पण बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथच्याच पट्ट्यात. सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या गर्दीत, हजारो फोन सुरू असताना स्वस्तातला संच मध्येच गप्प होतो. माणूस पाठमोरा झाला तरी शरीर आडवं आल्याने सिग्नल तुटतो. यात्रा, बाजार, मोर्चे असं शूट करणार असाल तर ज्याच्या अंगावरच्या तुकड्यातच वेगळं रेकॉर्डिंग होतं असं मॉडेल बघा. रोडच्या वायरलेस गो २मध्ये आणि डीजेआय माइक २मध्ये ती सोय आहे. १० ग्रॅमच्या डीजेआय माइक मिनीत नाही, पण तो स्वस्त आहे आणि घर-शेताच्या कामाला पुरतो.

वायरलेसबरोबर 'नॉइज कॅन्सल'चं बटण येतं आणि लोक ते कायम चालू ठेवतात. भरिताचा व्हिडिओ घ्या. बामणोदची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजताना साल तडतडतं, मग लाकडी बडगीत ती ठेचताना धप-धप असा ओला आवाज येतो, वरून मिरची-लसणाच्या फोडणीचा चर्र. या तीन आवाजांवर माणूस व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो. बटण चालू असलं की मशीन त्यांनाच गोंगाट समजतं आणि तडतड, चर्र सगळं पुसून मऊ करून टाकतं. स्वयंपाकाला ते बंद ठेवा. पंपाजवळ किंवा रस्त्यावर बोलायचं असेल तेव्हाच लावा.

आणि तो कॉलर माइक चिमटीत धरून बोलायची पद्धत! शॉर्ट्स-रील्समध्ये ती इतकी पसरली की आता कॉलरला लावलेला माइक दिसला तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. हाताला काम मिळतं, रस्त्यावरच्या मुलाखतीचा घाईचा भास होतो, पटकन समोरच्याच्या तोंडापुढे नेता येतो, एवढे फायदे खरे आहेत. पण बोटं घासल्याची खरखर आत जाते, आणि माइक ओठांना टेकल्यावर 'प', 'फ', 'भ' फुटतात. तो हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावायचा म्हणून बनवलाय. प्रश्न विचारत फिरणारा व्हिडिओ असेल तर हातात धरा, खुशाल. चुलीपुढे बसून धरायचं कारण मला तरी सापडलं नाही.

आता तो मोठा माइक. सगळ्या पॉडकास्टांत दिसतो तो बहुधा शुअर एसएम७बी किंवा त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी. मूळ एसएम७ १९७३चा, ही आवृत्ती २००१ची. माइक उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. डायनॅमिक जातीचा असल्याने तोंडाजवळचं उचलतो, खोलीतलं फारसं उचलत नाही. पण त्याचा सिग्नल मुळात बारीक, ६० डेसिबलच्या आसपास गेन, म्हणजे सिग्नल वाढवून घेणं, मागतो. म्हणजे तीस हजारांच्या वरचा माइक, शिवाय तेवढा गेन देणारा इंटरफेस (माइक आणि कॉम्प्युटरच्या मधलं यंत्र), कदाचित मध्ये बूस्टर, शिवाय स्टँड. फोनला थेट लावता येत नाही. आणि हे घेऊन लोक तोंडापासून हात-दीड हात लांब ठेवतात, कारण चेहरा झाकायला नको. मग त्याचा फायदाच गेला. घरात कूलरची घरघर कायमच असेल आणि बसूनच बोलायचं असेल, तर डायनॅमिकचा विचार योग्य आहे, पण यूएसबीवर थेट चालणारा साधा घ्या, चार-पाच हजारांत काम होतं.

फोमबद्दल एवढंच: त्याने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरचा ट्रॅक्टर अडत नाही. अंड्यांच्या ट्रेने तर तेही धड होत नाही. मागच्या भिंतीला आणि बाजूला दोन जाड गोधड्या टांगा. फ्रेममध्ये आल्या तर दिसायलाही बऱ्या दिसतात.

चित्र: फोन की कॅमेरा?

सोनीचा झेडव्ही-ई१० हा २०२१पासून नव्या क्रिएटरांचा ठरलेला कॅमेरा. मोठा सेन्सर, लेन्स बदलता येते, स्क्रीन उलटी फिरते. सेन्सरच स्थिर धरणारी स्टॅबिलायझेशनची यंत्रणा नाही, त्यामुळे चालत शूट केलं की हलतं. लेन्ससह साठ-सत्तर हजारांच्या घरात जातो, म्हणजे आपल्या बजेटच्या दुप्पट. बॅटरी शूटिंगला तास-सव्वा तास पुरते, म्हणून दोन जास्तीच्या घ्याव्याच लागतात. भारनियमन असेल तर तीन.

कॅमेऱ्याचा खरा फायदा कमी उजेडात आणि जवळच्या शॉटमध्ये दिसतो. खापरावर हातभर पसरलेल्या मांड्याला फोड येतात, त्यातून वाफ निघते, ते टिपायला कॅमेरा सरस. दिवसाउजेडी बोलणाऱ्या माणसाच्या व्हिडिओत मात्र फोनवर बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि बघणारे बहुतेक फोनवरच बघतात.

मग आपला उन्हाळा. ॲपल आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा म्हणते, सोनी या कॅमेऱ्यासाठी ० ते ४० सांगते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग रेकॉर्डिंग थांबवतो. कॅमेराही तापून बंद पडतो. इथे दोन्ही सारखेच हरतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत शूट उरका, फोनचं कव्हर काढा आणि फोर-के सोडून साध्या फुल एचडीवर या. फोर-के हेही एक अनुकरणच. आयफोनवर सेकंदाला ३० फ्रेमच्या फोर-केला मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात, फुल एचडीला ६०. तासाभराच्या शूटिंगला दहा जीबी की साडेतीन, आणि ते अपलोड करायला गावातलं नेट. हिशोब तुम्हीच करा.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर आधी भाड्याने वापरा. लग्नसराई नसते तेव्हा तालुक्याच्या गावातले फोटोग्राफर ओळखीने दोन दिवस देतात का, विचारून बघा.

उजेड

रिंग लाइट मेकअप आणि मेंदीला छान. चष्मा असलेल्याच्या काचेत दोन पांढऱ्या बांगड्या दिसतात. चुलीवरच्या स्वयंपाकाला तर तो चालतच नाही, समोरून सपाट उजेड पडला की वाफ आणि धूर दोन्ही गायब होतात. धूर दिसायला उजेड बाजूने किंवा मागून हवा. दारातून येणारा उजेड, त्यावर बांधलेलं पांढरं धोतर, आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट, याला पन्नास-शंभर रुपये लागतात. रात्री शूट करणार असाल तरच सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडचा मऊ लाइट, घ्या.

एक सेटिंग मात्र आंधळेपणाने उचलू नका. अमेरिकन ट्युटोरियलमध्ये ३० किंवा ६० फ्रेम आणि १/६० किंवा १/१२० सेकंदाचं शटर सांगतात, कारण तिकडची वीज ६० हर्ट्झची. आपली ५०. ती सेटिंग आपल्या एलईडीखाली वापरली तर चित्रावर पट्टे सरकतात. २५ फ्रेम, १/५० शटर ठेवा. आयफोनमध्ये २५ फ्रेम दिसत नसतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'शो पाल फॉरमॅट्स' चालू करा.

जिंबल आणि ड्रोन

चालत शूट करणार नसाल तर जिंबल (फोन न हलता धरणारी मोटरची दांडी) नको, ट्रायपॉड घ्या. ड्रोन तर नकोच. २०२२च्या फेब्रुवारीपासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, २०२१चे ड्रोन नियम वेगळे, आणि भुसावळ-वरणगावला आयुध निर्माणी आहेत, त्यांच्या आसपास उडवणं जोखमीचं. तापीचा एक हवाई शॉट सगळ्यांच्याच व्हिडिओत आहे, तुमच्यात नसला तरी चालेल.

सवयी: कोणत्या उचलायच्या, कोणत्या नाही

सगळीच नक्कल वाईट नसते. स्क्रीनवर शब्द दाखवायची पद्धत जरूर उचला. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, आणि अहिराणीत बोललात तर खाली प्रमाण मराठी दिल्याने पुण्या-नागपूरचा बघणाराही टिकतो. फक्त एकेक पिवळा शब्द उड्या मारत येतो ते नको, पूर्ण ओळ द्या. थंबनेलवर आ वासलेलं तोंड आणि लाल बाण चालतो की नाही यावर वाद घालत बसू नका, यूट्यूबवर २०२४पासून एका व्हिडिओला तीन थंबनेल लावून तपासता येतात.

दुसऱ्याचं स्क्रिप्ट उचलून चेहरा बदलायचा, हा धंदा मात्र महाग पडतो. जाहिरातीच्या कमाईला १,००० सबस्क्रायबर, आणि त्यासोबत वर्षात ४,००० तास बघितलं जाणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज लागतात. तिथवर पोचूनही, साचेबद्ध, घाऊक बनवलेल्या मजकुराला कमाई नाही, हे यूट्यूबने २०२५च्या जुलैत नियमांत आणखी स्पष्ट केलं. शिवाय मुंबईच्या पॉडकास्टची भाषा बोलणारा चोपड्याचा मुलगा आणि ओट्यावर बसून आजीला "काय वं माय" म्हणत चिडवणारा चोपड्याचा मुलगा, यांत दुसऱ्याला स्पर्धा फार कमी आहे.

तीस हजारांत मी काय घेईन

असलेला फोनच ठेवायचा. रेसिपीसाठी वायरचा कॉलर माइक आणि वरून शूट करायला आडव्या दांड्याचा ट्रायपॉड, सगळं मिळून पाच हजारांत. कॉमेडीला दोन जणांचा वायरलेस संच, आठ-दहा हजारांपर्यंत, आणि जाड पायांचा ट्रायपॉड. शेतीच्या व्हिडिओला तोच संच, पण माइकवर लावायचं केसाळ टोपडं विसरू नका, मोकळ्या रानातला वारा त्याशिवाय आवरत नाही. उरलेले पैसे सहा महिने तसेच राहू द्या. तोवर फोन कुठे कमी पडतो ते तुमच्याच व्हिडिओंवरून कळेल, आणि कॅमेरा घ्यायचा की नाही ते तेव्हा ठरवा.

सेकंडहँडमध्ये ट्रायपॉड आणि लाइट बिनधास्त घ्या. कॅमेरा घेताना बॅटरी फुगलेली नाही ना, माइकचा जॅक ढिला नाही ना हे बघा, आणि वीस मिनिटं सलग रेकॉर्ड करून दाखवायला सांगा. वायरलेस माइक सेकंडहँड घेऊ नका. आतली बॅटरी बहुतेकांत बदलता येत नाही, आणि ती किती उरली आहे हे बाहेरून कळत नाही.