मिशिगनमध्ये डीएमव्ही नसतं, हे मला १८७ डॉलरला कळलं

तर झालं असं की २०२३ च्या जानेवारीत मी एक जुनी स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर पळणारी स्कूटरसारखी गाडी, घेतली. घरी कुणाला पटलं नव्हतं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली "ही कसली रे स्कूटर, चाकं कुठायत हिची?" बायकोचं म्हणणं वेगळं, की ज्या माणसाला पुण्यात थंडीत गीझर लागल्याशिवाय आंघोळ जमत नव्हती तो उणे पंधरात बर्फात काय फिरणार. पण नोव्हायला, म्हणजे डेट्रॉइटच्या बाजूला, आमच्या पट्ट्यात निम्मं पुणं राहतंय, ऑटो कंपन्यांतले सगळे, आणि ऑफिसातला मित्र तीन वर्षं मागे लागलेला की अरे इथं राहून हिवाळाभर घरात बसायचं म्हणजे कोकणात राहून समुद्र न बघण्यासारखं आहे.

स्लेड (इथं सगळे स्लेडच म्हणतात) एका शेतकरी म्हाताऱ्याकडून घेतली, ३२०० डॉलरला. आता लक्षात घ्या, मला सगळ्यांनी सांगितलेलं की जुन्या गाडीत विकणारा फसवतो, इंजिन बघ, ट्रॅक बघ, खालचा नंबर कागदाशी जुळतोय का बघ. मी सगळं बघितलं. म्हातारा एकदम सरळ निघाला. त्याने जुनं रजिस्ट्रेशन सही करून दिलं, बिल ऑफ सेल लिहून दिलं आणि वर दोनदा सांगितलं की बाबा रे, दोन वेगळी कामं आहेत, एक स्टिकर सेक्रेटरी ऑफ स्टेटकडं आणि दुसरं डीएनआरचं (राज्याचं निसर्ग खातं) ट्रेल परमिट, म्हणजे स्लेडसाठी राखलेल्या बर्फाच्या वाटांवर चालवायचं, एकावर भागणार नाही. मी मान हलवली. हो हो म्हटलं. डोक्यात काहीही शिरलं नाही.

कारण मी आधी सहा वर्षं व्हर्जिनियात होतो. तिथं गाडीचं काहीही असलं की डीएमव्ही, म्हणजे आपल्या आरटीओसारखं ऑफिस. जीभेवर तेच बसलेलं. रात्री जेवण झाल्यावर फोन काढला आणि गूगलला टाकलं, मिशिगन डीएमव्ही स्नोमोबाईल रजिस्ट्रेशन ट्रेल परमिट. आणि इथंच खड्ड्यात गेलो, कारण मिशिगनमध्ये डीएमव्ही नावाचं ऑफिसच नाहीये!! इथं गाड्यांचं सगळं काम सेक्रेटरी ऑफ स्टेट बघतं. म्हणजे मी ज्या ऑफिसचं नाव टाकत होतो ते अस्तित्वातच नाही, मग त्या नावाने वर येणार कोण? ज्यांना तुम्ही चुकीचं नाव टाकणार हे पक्कं माहितीय तेच. बाहेरून आलेला प्रत्येक जण, आपल्यासारखा किंवा दुसऱ्या स्टेटमधून आलेला, डीएमव्हीच शोधतो. जाळं बरोबर त्या वाटेवर लावलेलं असतं.

पहिलाच रिझल्ट. वर बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड लिहिलेलं, ते मी नंतर बघितलं. साईट निळीपांढरी, मिशिगनचा नकाशा, एक गोल शिक्का ज्यात बर्फाचं फूल, आणि मोठ्ठं बटण, रजिस्ट्रेशन आणि ट्रेल परमिट एकत्र, पाच मिनिटांत. मला तर बरंच वाटलं, म्हटलं म्हाताऱ्याला काय माहीत, तो दोन ठिकाणी खेटे घालत असेल, आपण आयटीवाले, घरबसल्या एका फटक्यात उरकतो. (ही जी मस्ती आहे ना ती त्या १८७ मध्ये धरलेली आहे.)

आता फी बघा, म्हणजे तुम्हाला कळेल माणूस कसा फसतो. मिशिगनमध्ये तेव्हा स्नोमोबाईलचं रजिस्ट्रेशन तीन वर्षांसाठी ३० डॉलर होतं, आणि त्या सीझनचं ट्रेल परमिट ५२ डॉलर, जे १ ऑक्टोबर ते पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंत चालतं. साईटवर हेच दोन आकडे होते, बरोब्बर ३० आणि ५२! मी दुसऱ्या टॅबमध्ये तपासले सुद्धा आणि जुळले म्हणून निर्धास्त झालो. खाली प्रोसेसिंग ६४.९५. एकूण १४६.९५. जरा खटकलं, पण आपल्याकडं आरटीओत एजंटला देतोच की आपण, लाईन वाचते, दुचाकीचं साधं ट्रान्सफर करायचं तरी एजंट. त्या सवयीनेच ६४ डॉलर मला चुकीचे वाटले नाहीत, महाग वाटले फक्त. आणि त्यांनी ड्रायव्हिंग लायसन्सचा दोन्ही बाजूंचा फोटो मागितला, तोही दिला. दिला!! आज आठवलं तरी पोटात गोळा येतो.

एक गोष्ट तेव्हाच कळायला हवी होती. साईटने मला विचारलंच नाही की स्लेड केवढ्याला घेतली. मिशिगनमध्ये जुनी स्लेड नावावर करताना किमतीवर ६ टक्के यूज टॅक्स लागतो, म्हणजे माझे १९२ डॉलर. सरकार एक वेळ तुमचं नाव चुकीचं लिहील पण टॅक्स विचारायला विसरणार नाही. मला वाटलं वाचले.

दहा मिनिटांत मेल आला, सोबत चौदा पानी पीडीएफ. पहिल्या पानावर माझं नाव, स्लेडचं मॉडेल, एक लांबलचक कन्फर्मेशन नंबर आणि तोच बर्फाच्या फुलाचा शिक्का. मी काय करावं? पहिलं पान ऑफिसात कलर प्रिंट काढलं, लॅमिनेट केलं, आणि स्लेडच्या विंडशील्डला आतून झिपटायने लावलं. उरलेली तेरा पानं वाचली नाहीत. कोण वाचतं?

सुरुवातीचे तीन आठवडे मित्राच्या ओळखीच्या एका शेतावर चालवली, तिथं कुणी विचारायला नव्हतं. मग फेब्रुवारीत हॉटनला जायचं ठरलं. माझा भाचा तिथं मिशिगन टेकला एमएस करतो, त्यांचा विंटर कार्निव्हल असतो, पोरं बर्फाचे मोठमोठे पुतळे करतात रात्र रात्र जागून, गणपतीच्या देखाव्यासारखंच सगळं, फक्त थर्माकोलच्या जागी बर्फ. नोव्हायहून नऊ तास. आम्ही मागे ट्रेलर लावून पहाटे निघालो, मॅकिनॉ ब्रिजवर ॲक्सलमागे दोन डॉलर टोल भरला, आणि पलीकडं अप्पर पेनिन्सुलात शिरल्यावर जो बर्फ सुरू झाला तो थांबलाच नाही. हॉटनकडं हिवाळ्यात सरासरी दोनशे इंचाच्या वर पडतो. रस्त्याकडेला एक भलामोठा थर्मामीटरसारखा खांब उभा केलाय, त्यावर १९७८-७९ चा रेकॉर्ड लिहिलाय, ३९०.४ इंच. फुटात करा, साडेबत्तीस फूट. आमचं सातारचं घर गच्चीसकट बुडेल.

आणि हॉटनमध्ये स्लेड म्हणजे खरंच वाहन आहे. हॉटन आणि हॅन्कॉकच्या मधे जो लिफ्ट ब्रिज आहे त्याचा खालचा मजला पूर्वी रेल्वेचा होता, आता हिवाळ्यात त्याच्यावरून स्नोमोबाईल जातात, वरून गाड्या. भाचा म्हणाला "मामा, इथं लोक दूध आणायला पण स्लेडने जातात." मला वाटलं आपण योग्य ठिकाणी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल निकोल्स ट्रेलला गेलो, जुन्या रेल्वेलाईनवरचा ट्रेल आहे, सरळ, रात्री ग्रूमर (बर्फ सपाट करणारं मशीन) फिरवून पार इस्त्री केल्यासारखा. पार्किंगमधून स्लेड उतरवली, अर्धा मैलसुद्धा गेलो नसेन तर पुढं कॉन्झर्व्हेशन ऑफिसर, म्हणजे डीएनआरचा पोलिसच, उभा. मित्राची स्लेड बघितली, पुढच्या भागावर स्टिकर, जा म्हणाला. माझ्याकडं आला. मी अभिमानाने लॅमिनेट केलेलं पान दाखवलं. त्याने ग्लोव्ह काढला, वाचलं, परत वाचलं, आणि मग इतक्या हळू आवाजात विचारलं की मला जास्त लाज वाटली, "सर, यात परमिट कुठंय?"

मी म्हटलं हेच आहे. तो म्हणाला परमिट म्हणजे स्टिकर, स्लेडच्या पुढच्या भागावर चिकटवलेलं, हा कागद कशाचाच नाही. मी फोनवर पूर्ण पीडीएफ उघडली. आणि त्या थंडीत ट्रेलच्या कडेला उभा राहून मी पहिल्यांदा पान दोन वाचलं. त्यात लिहिलं होतं, आपली स्नोमोबाईल रजिस्टर कशी करावी याचं मार्गदर्शन. पुढं सेक्रेटरी ऑफ स्टेटचा पत्ता, कुठले कागद न्यायचे, फी ३० डॉलर वेगळी भरायची, परमिट डीएनआरकडून ५२ डॉलर देऊन घ्यायचं. म्हणजे १४६.९५ घेऊन त्यांनी मला तेच सांगितलं जे म्हाताऱ्याने फुकटात दोनदा सांगितलेलं.

ऑफिसर चांगला होता, तिकीट लिहिलं नाही, पण स्लेड ट्रेलरवर चढवा म्हणाला. परमिट गावातल्या दुकानात दोन मिनिटांत मिळालं असतं, पण रजिस्ट्रेशनच नाही तर परमिट घेऊन काय करू, आणि शनिवार होता. नऊ तास ओढत नेलेली स्लेड दोन दिवस हॉटेलच्या पार्किंगमध्ये, तिच्यावर फूटभर बर्फ. मित्र आणि त्याचा साडू ट्रेलवर, मी कार्निव्हलला. पुतळे सुंदर होते, नाही असं नाही.

मला स्वतःला जी गोष्ट जास्त लागली ती वेगळी. परमिटचे पैसे ट्रेलवरच खर्च होतात, ग्रूमिंग, पाट्या वगैरे, आणि ग्रूमर चालवणारे बरेचसे गावातल्या क्लबचेच लोक, रात्री दोन वाजता बर्फात मशीन घेऊन बाहेर पडणारे. त्यांच्या कष्टाचे ५२ डॉलर मी भलत्याच माणसाच्या घशात घातले आणि वर त्यांचा ट्रेल फुकट वापरायला निघालो होतो.

घरी आल्यावर बायकोने कार्डाचं स्टेटमेंट काढलं, ती हिशोबाला पक्की. १४६.९५ च्या खाली आणखी दोन एंट्री, १९.९५ आणि १९.९५, वेगळ्याच नावाने. फॉर्मवर कुठंतरी आधीच टिक केलेला चौकोन होता, रिन्यूअल रिमाइंडर मेंबरशिप का काहीतरी. तीन वर्षांतनं एकदा करायच्या कामाची आठवण करून द्यायला आठवड्या-पंधरवड्याला २० डॉलर! ती एवढंच म्हणाली "अरे, एजंटसुद्धा निदान काम करून देतो."

यानंतर मी पंधरा दिवस काहीच केलं नाही, आणि हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्यातले बरेच जण हेच करतात. एक तर लाज. दुसरं म्हणजे व्हिसा. एच वन वर आहे, ग्रीन कार्डचं चालू आहे, कुठं तक्रार केली आणि आपलंच नाव कुठल्या कागदावर आलं तर? विनारजिस्ट्रेशन चालवताना सापडलो होतो ना. शेवटी धीर करून फेडरल ट्रेड कमिशनच्या साईटवर आणि मिशिगनच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागात ऑनलाईन तक्रार टाकली. व्हिसाचं कुणी काही विचारलं नाही. फसलेल्या माणसाला कोण विचारणार.

बँकेचं मात्र डोकं फिरवणारं प्रकरण. क्रेडिट कार्ड होतं म्हणून डिस्प्यूट, म्हणजे पैसे परत मागायची तक्रार, तरी टाकता आला, डेबिट वापरलं असतं तर पैसे आधी खात्यातनं गेलेले आणि मग आपण मागं पळायचं. पहिला डिस्प्यूट फेटाळला. साईटवाल्यांनी उत्तर दिलं की आम्ही सरकारी आहोत असं कुठंच म्हटलेलं नाही, साईटच्या तळाला करड्या अक्षरात लिहिलंय की आम्ही खासगी सेवा आहोत आणि फक्त मार्गदर्शक पुस्तिका विकतो, आणि पुस्तिका यांना मिळाली, हा बघा मेल. आणि ते खरं होतं! पुस्तिका मिळाली होती, मी ती लॅमिनेट केली होती. यांचा धंदा असा की पकडायला जावं तर हातात काही लागत नाही. दुसऱ्यांदा मी मेंबरशिपचं वेगळं भांडलो तेव्हा ते ३९.९० परत आले. १४६.९५ गेले ते गेले.

आणि हे नीट वाचा, मला माहीत नव्हतं. मी कार्ड बंद करून नवीन नंबर घेतला तरी पुढच्या महिन्यात १९.९५ परत लागायच्या तयारीत पेंडिंग दिसले. बँकवाली बाई म्हणाली की सबस्क्रिप्शनवाल्यांना नवीन कार्डाचा नंबर आपोआप कळतो, तशी सोयच आहे कार्ड कंपन्यांची, नेटफ्लिक्स बंद पडू नये म्हणून. त्यामुळं नुसतं कार्ड बदलून भागत नाही, त्या व्यापाऱ्यालाच ब्लॉक करा असं स्पष्ट सांगावं लागतं. लायसन्सचा फोटो गेला म्हणून एक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडं क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये. २०१८ पासून ते फुकट आहे, तिन्ही मिळून अर्धा तास लागला. त्यासाठीसुद्धा पैसे मागणारी साईट दिसली तर काय समजायचं ते समजा.

मग एक दिवस सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात गेलो. ऑनलाईन अपॉइंटमेंट, आणि पत्ता टाकताना यावेळी शेवटी डॉट गव्ह आहे का हे बोट ठेवून बघितलं. वीस मिनिटं. म्हाताऱ्याची सही असलेला कागद, ३० डॉलर, १९२ चा टॅक्स, स्टिकर हातात. काउंटरवरच्या बाईंना किस्सा सांगितला तर त्यांनी न बघता विचारलं, "डीएमव्ही शोधलंत का?" परमिट येताना एका दुकानातून घेतलं. मार्चचा दुसरा आठवडा होता, ट्रेलचा सीझन ३१ मार्चला संपतो, आणि आमच्या खालच्या भागात तोपर्यंत चिखल झालेला. त्या ५२ डॉलरमध्ये मी एकूण एकदा फिरलो, गेलॉर्डच्या बाजूला, चार तास. ग्रूमरवाला समोरून आला तेव्हा बाजूला थांबून हात केला, त्यानेही केला.

अजून एक, विस्कॉन्सिनला लागून असलेल्या भागात फिरणार असाल तर बॉर्डर ओलांडली की तिथला ट्रेल पास वेगळा लागतो, मिशिगनचं स्टिकर तिथं चालत नाही. आणि पैसे घालवायच्या आधी हा छंद जमतोय का बघायचं असेल तर फेब्रुवारीत मिशिगनमध्ये एक वीकेंड असा असतो की परमिट नसलं तरी ट्रेलवर चालवता येते, तारीख डीएनआरच्या साईटवर असते. डीएनआरच्या, परत सांगतो.

स्लेड मी पुढच्या वर्षी विकली, कारण २०२४ च्या हिवाळ्यात बर्फच पडला नाही धड. घेणारा टेक्सासहून आलेला तरुण तेलुगू मुलगा. त्याला सही करून कागद दिला आणि सांगितलं, दोन वेगळी कामं आहेत, एक सेक्रेटरी ऑफ स्टेटकडं, एक डीएनआरकडं. त्याने मान हलवली. हो हो म्हणाला. मी त्याचा फोन मागून घेतला आणि दोन्ही साईट त्याच्यासमोर उघडून बुकमार्क करून दिल्या.

त्या लोकांचा मेल मात्र अजून येतो, दर ऑक्टोबरला, बर्फाच्या फुलासकट. डिअर रायडर, युवर परमिट इज अबाउट टू एक्स्पायर.