रात्री रंगीत की काळं-पांढरं? गल्लीतलं घर आणि शिवारातलं घर

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग दिला आणि त्याच रात्रीपासून आमच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात गेट दिसेनासं झालं. दिवसा सगळं लख्ख. रात्री वर एक पांढराफेक पट्टा आणि खाली नुसता काळोख. कॅमेरा बसवून गेलेल्या पोराला फोन केला, तर म्हणतो, "अण्णा, जुनं मॉडेल हाय ते. कलरवाला घालून सोडूया की." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. रात्री शिडी लावून वर गेलो तेव्हा उलगडा झाला. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या छज्ज्याला नवाकोरा पांढरा डिस्टेंपर लागला होता आणि कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, उजेड त्यावर आपटून परत लेन्समध्ये येत होता. कॅमेऱ्याला वाटलं उजेड भरपूर आहे, म्हणून त्यानं सगळं चित्रच दाबून टाकलं. ब्रॅकेट चार बोटं खाली घेतला, तोंड जरा वाकवलं, गेट परत आलं. खर्च शून्य.

पुढच्या आठवड्यात खानापूरच्या मामांचा फोन. "रात्री रंगीत दिसणारा कॅमेरा घ्यावा म्हणतोय. तुझं काय मत?" मत द्यायच्या आधी एका दोस्ताकडचा रंगीत कॅमेरा चार दिवस मागून आणला. दोन रात्री बेळगावच्या वडगावात आमच्या जुन्याच्या शेजारी लावला, दोन रात्री मामांच्या सोप्यावर त्यांच्या जुन्याशेजारी. सगळे कॅमेरे २ मेगापिक्सेलचे, सगळ्यांना २.८ मिलिमीटरची लेन्स.

घाईत असणाऱ्यांसाठी: समोर खांबाचा दिवा असेल तर रंगीत, शिवारात इन्फ्रारेड. पण दुकानात रिकाम्या अंगणाचं सुंदर चित्र दाखवतात ना, त्यावर जाऊ नका. माणूस चालवून बघा.

फरक नेमका कशात

जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक बारीक काच असते. दिवसा ती इन्फ्रारेड अडवते, म्हणून झाडं हिरवी आणि कपडे खऱ्या रंगाचे दिसतात. अंधार पडला की 'टक्' असा आवाज होतो, काच बाजूला सरकते, इन्फ्रारेड दिवे लागतात आणि चित्र काळं-पांढरं होतं. भर दुपारी चित्र गुलाबी-जांभळं आणि पानं पांढुरकी दिसू लागली तर ती काच अडकली, असं समजा. मेन्यूत डे आणि नाइट दोनदा बदलून कान लावा. टक् आलं नाही तर दुरुस्ती किंवा बदली, सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही.

रंगीतवाला हे करत नाही. त्याच्या लेन्सचं तोंड मोठं असतं. एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं; एफ १.० ची लेन्स एफ २.० च्या चौपट उजेड आत घेते. तरी कमी पडलं तर तो आपला पांढरा दिवा लावतो. आणि तिसरा प्रकार हल्ली निघालाय तो दोन्ही दिव्यांचा: एरवी इन्फ्रारेडवर असतो, माणूस दिसला की पांढरा दिवा लावून रंगीत होतो. त्याचं पुढे सांगतो.

वडगावात

आमचं गेट कॅमेऱ्यापासून दहा-बारा फुटांवर, पलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे एलईडीचा खांब. पहिल्या रात्री दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावली आणि घरातल्या सगळ्यांनी रंगीतला मत दिलं. स्कूटर निळी, तुळशीवृंदावन लाल, दारातली रांगोळीसुद्धा ओळखू येत होती. जुन्यात सगळं राखेच्या रंगाचं.

मग पोराला गेटमधून दारापर्यंत चालत यायला सांगितलं. रंगीत चित्रात स्कूटर तशीच देखणी, पण पोराच्या चेहऱ्याच्या जागी पिठलं. राखाडी चित्रात मात्र नाक-डोळे नीट.

कारण शटर, म्हणजे एका चित्रासाठी कॅमेरा जेवढा वेळ उजेड आत घेतो तो वेळ. उजेड कमी पडला की कॅमेरा शटर सावकाश मारतो, आणि आपोआपवर सोडलं तर हा सेकंदाच्या बाराव्या हिश्शापर्यंत घसरला होता. साधा चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो, म्हणजे तेवढ्या वेळात अकरा-बारा सेंटिमीटर सरकतो. चेहऱ्याची रुंदीच पंधरा! १/५० केलं तर सरकणं तीन सेंटिमीटरच्या आत, १/१०० केलं तर दीडच्या आत. म्हणून पहिलं काम: शटरची हद्द १/५० वर बांधा. चित्र थोडं काळोखेल, ते चालेल.

दुसरं काम डीएनआर, म्हणजे चित्रातली वाळू (अंधारात वळवळणारे ठिपके) पुसणारी सोय. ती पन्नासवरून तीसवर आणली. जास्त ठेवली तर वाळूबरोबर चालणारा माणूसही पुसला जातो आणि मागे भुतासारखी शेपूट राहते. दुकानातलं चित्र इतकं गुळगुळीत का असतं, त्याचं एक उत्तर इथं आहे.

एवढं करून जो उजेड कमी पडला तो नऊ वॅटच्या साध्या एलईडी बल्बनं भरून काढला. गेटच्या बाजूला, कॅमेऱ्यापासून लांब. रात्रभर जळला तरी महिन्याला तीन युनिट. गृहज्योतीचं (कर्नाटकातल्या मोफत विजेच्या योजनेचं) गणित कोलमडेल एवढं काही नाही. बल्बनंतरच्या चित्रात पोराचा चेहरा रंगीत आणि धड, दोन्ही. त्या रात्री वडगावचा निकाल लागला.

एक गंमत तेव्हाच दिसली. पोरगं काळा टी-शर्ट घालून होतं आणि राखाडी चित्रात तो चक्क पांढरा. डोळ्याला काळे दिसणारे कितीतरी रंग इन्फ्रारेड परत फेकतात. तेव्हा काळ्या-पांढऱ्या फुटेजवरून "चोर पांढऱ्या शर्टातला होता" असं पोलिसांना छातीठोक सांगू नका.

रंगीतच्या बाजूनं आणखी बोललो असतो, पण दुसऱ्या रात्री हेस्कॉमनं, म्हणजे आमच्या वीज कंपनीनं, परीक्षा घेतली. लाइट गेली, खांब विझला, बल्ब विझला. इन्व्हर्टरवर कॅमेरे चालू, पण रंगीतवाल्याचा पांढरा दिवा मीच बंद करून ठेवलेला. चित्र म्हणजे डांबर. जुना मात्र इन्फ्रारेडवर निवांत. तेव्हा रंगीत घेतलात तर त्याचा दिवा 'ऑटो'वर ठेवा, फक्त तेज तीस टक्क्यांवर आणा. पूर्ण तेजावर तो समोरच्या काकूंच्या खिडकीत जातो आणि सकाळी त्या नळावर भेटतात.

खानापूरकडे

मामांचं घर जांबोटीच्या रस्त्याला आतल्या बाजूस, शिवारात. समोर काजूची रांग, डावीकडे गोठा, मागे परडं. जवळचा खांब दिसतसुद्धा नाही.

इथं रंगीत कॅमेरा पूर्णपणे स्वतःच्या दिव्यावर. पंचवीसेक फुटांपर्यंत ठीक, त्यापुढे भिंत उभी केल्यासारखा अंधार. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, त्याला दिवा तरी काय करणार? शिवाय त्या पांढऱ्या दिव्यावर अर्ध्या तासात किड्यांचं संमेलन भरलं, त्यांच्यामागे पाल. मोबाइलवर "हालचाल आढळली"चे मेसेज इतके की मामांनी फोन पालथा घालून ठेवला. इन्फ्रारेड किड्यांना दिसत नाही. त्यांचा जुना कॅमेरा काजूच्या रांगेपर्यंत माणूस आहे की जनावर, एवढं सांगत होता. शिवारात तेवढंच हवं असतं. चेहरा नंतर, दारात बघू.

दोन दिव्यांचा तिसरा प्रकार इथं घ्यावा का? कल्पना छान आहे, माणूस आला की झगझगाट, चोर दचकतो. माणूस ओळखण्यात चूक झाली नाही तर. त्या भागात रात्री शिवारात कुत्री फिरतात, रानडुकरं येतात, कधी गवेही. मामांचं म्हणणं सरळ: "गव्याला कशाला बॅटरी दाखवायची?" माझंही मत तेच. गल्लीत मात्र, बजेट असेल तर, हाच प्रकार सर्वांत शहाणा, कारण लाइट गेली तरी इन्फ्रारेड शिल्लक असतो.

इन्फ्रारेडचं खरं दुखणं पावसाळ्यात. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. लेन्सजवळून पडणारा प्रत्येक थेंब दिव्याच्या अगदी तोंडाशी असतो, म्हणून पांढऱ्या रेघांचा पडदा होतो आणि मागचं अंगण नाहीसं. कोळ्याचं जाळं, धुकं, लेन्सवरची धूळ, सगळ्यांचं तेच. उपाय असा: कॅमेऱ्यातले दिवे बंद करायचे आणि सुटा इन्फ्रारेड दिवा चार फूट बाजूला लावायचा. उजेड तिरका आला की जवळचे थेंब चमकत नाहीत. दिवा घेताना ८५० नॅनोमीटरचा घ्या. त्यात मंद लाल ठिपका दिसतो. ९४० वाल्यात काही दिसत नाही, पण तो लांब पोचत नाही. लपवाछपवी करायची नसेल तर ८५०. बाकी आठवड्यातून एकदा काठीला फडकं बांधून जाळं काढणं, याला कुठल्याच मेन्यूत पर्याय नाही.

दिवसाचं थोडं

दिवसाच्या चित्राची तक्रार बहुतेक एकच असते: सोप्यात सावली, बाहेर ऊन, दारातला माणूस काळी आकृती. मेन्यूत बीएलसी आणि डब्ल्यूडीआर असे दोन उपाय असतात. बीएलसी पुढच्या माणसाला उजळवतं आणि मागचा रस्ता जाळून टाकतं. डब्ल्यूडीआर दोन्ही सांभाळतं, पण पेटीवर १२० डीबी असा आकडा असलेलं. नुसतं 'डिजिटल डब्ल्यूडीआर' म्हणजे काळोखाला पावडर लावणं. आणि रात्री ते बंद ठेवा, नाहीतर वाळू वाढते. तोंड पूर्वेला असलेल्या कॅमेऱ्याला सकाळचा तासभर कुठलंच सेटिंग वाचवत नाही. आभाळ चौकटीतून काढायचं, कॅमेरा खाली वाकवायचा.

रस्त्यावरच्या गाडीच्या हेडलाइटनं कॅमेरा दिवस-रात्र-दिवस असा टकटक करत असेल तर बदलायचा विलंब वाढवा. वेळापत्रक लावू नका, कारण आपल्याकडे जूनमध्ये दिवस सातला मावळतो आणि डिसेंबरात सहाला. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर फ्रिक्वेन्सी ६० वर राहिलीय, ती ५० हर्ट्झ करा.

लेन्सचं मात्र आधीच ठरवा, ती नंतर बदलत नाही. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीनं ओळखायला मीटरभर रुंदीत २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात असं २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मापदंडात दिलं होतं. २ मेगापिक्सेलला २.८ च्या लेन्सनं ते जमतं साधारण दहा फुटांपर्यंत, ६ मिलिमीटरनं पंचवीसपर्यंत, पण ६ मध्ये चौकट अर्ध्याहूनही अरुंद. आमचं गेट जवळ म्हणून २.८ भागलं. तुमचं गेट वीस फुटांवर असेल तर रंगीत-काळ्याचा वाद बाजूला ठेवा, आधी लेन्स बघा. आणि नवा, इंटरनेटला जोडायचा घेणारच असाल तर एसटीक्यूसी या सरकारी सुरक्षा चाचणीचं विचारा. एप्रिल २०२५ पासून ती सक्तीची आहे.

मामांनी नवा कॅमेरा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. शेवटच्या रात्री दाराशी चेहरा कसा येतो ते बघायला मामींना चालवलं. इन्फ्रारेडच्या चित्रात चेहरा स्वच्छ, नथीसकट. मामींनी मोबाइल हातात घेतला आणि बघतच राहिल्या. "हिरवं इरकल नेसलोय मी, ह्यात पांढरं दिसतंय की!" मग मामांकडे बघून, "तुम्ही समोर बसलाय, आणि मी पांढऱ्या लुगड्यात?"

शिवाराकडे तोंड केलेला जुना कॅमेरा तसाच आहे. दारात आता रंगीत आहे, शेजारी नऊ वॅटचा पिवळा बल्ब.