काजव्यांच्या सीझनमधली 'लाकडी केबिन' आणि आमचे ८,७०० रुपये

मे महिना संपत आला की भंडारदऱ्याच्या काजव्यांचे रील फिरायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग जाहिराती: जंगलातली लाकडी केबिन, तलावाला लागून, शेवटच्या दोनच उरल्यात. अशाच एका पेजने आम्हाला ८,७०० रुपयांना गंडवलं. रक्कम काही लाखांची नाही, पण पद्धत चांगली घोटलेली आहे आणि येत्या सीझनला ती पुन्हा चालणार, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणारा माणूस मराठीच होता, 'ताई' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करत नव्हता. केबिन रतनवाडीत, अमृतेश्वराच्या देवळाजवळ. चौघांचे एका रात्रीचे पाच हजार, जेवण-नाश्ता धरून, निम्मे आगाऊ. २,५०० पाठवल्याबरोबर छापील पावती आली, जीएसटी नंबरासकट. मग चौघांच्या आधार कार्डांचे फोटो मागवले. मग मेसेज, की काजव्यांच्या दिवसांत अभयारण्यात रात्री थांबायला वनखात्याचा परवाना लागतो, माणशी ३००. हे खोटं वाटायचं कारण नव्हतं. तो पट्टा १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, आणि काजव्यांसाठी लोटणाऱ्या गर्दीवर वनखातं निर्बंध घालतं हे आपण पेपरात वाचतोच. १,२०० दिले. परवान्याची पीडीएफ आली: वर वाघ, खाली गोल शिक्का, मध्ये आमची नावं.

खरी करामत पुढेच होती. घोटी सोडून बारीच्या रस्त्याला लागलो आणि फोन वाजला. "ताई, सिस्टीममध्ये तुमचं चेक-इन पेंडिंग दाखवतंय. पाच हजार डिपॉझिट टाका, केबिनची चावी घेतली की आपोआप रिफंड. वीस मिनिटांत नाही आलं तर केबिन वेटिंगवाल्याला जाईल." मागच्या सीटवर सासूबाई पाय आखडून बसलेल्या, घाटात लेकीला उलटी झालेली, बाहेर अंधारून आलेलं. वेळ कशी साधली होती बघा. घरी असताना हाच फोन आला असता तर माणूस दहा प्रश्न विचारतो. चार तास गाडी चालवून आल्यावर, मुक्काम हातचा जाईल म्हटल्यावर, विचारत नाही. शिवाय पुढे डोंगरात नेटवर्क येतं-जातं, म्हणजे नंतर त्याला फोन करून भांडायचीही सोय नाही.

पाच हजार गेले. लगेच पुन्हा फोन: "ताई, रक्कम ५,०००.०९ हवी होती. नऊ पैसे कमी पडले, त्यामुळे सिस्टीमने एंट्री घेतली नाही. आता पुन्हा ५,०००.०९ टाका, दोन्ही एकदम परत येतील." हे ऐकून नवऱ्याने फोनच बंद केला. ओळखीच्यांना सांगितल्यावर कळलं, की ही नऊ पैशांची युक्ती देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावाने चालणाऱ्या खोट्या बुकिंगमध्येही वापरतात. रक्कम 'चुकली' की दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भरायला लावायचं, आणि अडकलेले पैसे सोडवण्याच्या नादात लोक भरतातही.

वनखात्याच्या नाक्यावर परवाना दाखवला. तिथल्या दादांनी मोबाइल लांब धरून तो नीट वाचला आणि म्हणाले, "असला कागद आम्ही देत नाही. आणि हा वाघ कुठला? इकडे बिबट्या आहे." माणशी आणि गाडीचं प्रवेशशुल्क तिथेच भरलं, हातात पावती मिळाली.

परत फिरायला उशीर झाला होता, म्हणून रतनवाडीत गेलो. केबिन होती! फोटोतलीच, तेच लाकडी दार, तोच पत्रा. आत नाशिकचं एक कुटुंब जेवत बसलेलं. खोलीच्या मालकीण मावशी बाहेर आल्या आणि आम्ही तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "तुम्हाला बी कुणी फोनवर दिली का काय?"

मी त्यांना पेजवरचा फोटो दाखवला. त्यांनी बोट ठेवून एकेक गोष्ट दाखवली. "ह्यो निळा ड्रम आमचाच, त्यो बघा तिथं हाय. पन ही पिवळी फुलं बघा, सोनकी हाय ही. भादव्यातला फोटू हाय. आत्ता कुठली सोनकी?" पेजवर त्याच फोटोखाली 'कालच काढलेला' असं लिहिलं होतं. फोटोत पाणी पायरीला लागल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात शेतीसाठीचं उन्हाळी पाणी प्रवरा नदीत सोडून मेअखेर जलाशय इतका उतरलेला असतो, की पाण्यापर्यंत जायला भेगाळलेल्या गाळातून बरंच चालावं लागतं. पावसाळ्यानंतरचा फोटो आणि उन्हाळ्याचं बुकिंग ही गफलत सह्याद्रीतल्या कुठल्याही जागेच्या जाहिरातीत पकडता येते.

मावशींना यातला एक रुपया दिसलेला नाही. गणपतीच्या सुट्टीत राहून गेलेल्या कुणीतरी फोटो टाकले, तिथून ते उचलले गेले. भुर्दंड मात्र त्यांनाच. चिडलेली माणसं रात्री दारात येऊन आरडाओरडा करतात, कुणीतरी नकाशावर त्यांच्या खोलीला एक तारा देऊन 'फ्रॉड' असं लिहून ठेवलंय. त्यांचा मुलगा ते काढायच्या खटपटीत आहे. त्या स्वतः आगाऊ पैसे घेतच नाहीत. आम्हाला त्यांनी पडवीत अंथरूण घालून दिलं आणि तांदळाची भाकरी, पिठलं वाढलं. पैसे घेतले ते फक्त जेवणाचे. काजवे दिसले, घरामागच्या हिरड्या-बेहड्यांवर भरपूर, पण त्या रात्री कुणाचं मन तिकडे होतं!

सकाळी शेंडी गावात नेटवर्क मिळताच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, वेळ आणि समोरच्या खात्यावरचं नाव विचारलं. तिन्ही वेळा नाव वेगळं होतं. तक्रार क्रमांक घेऊन बँकेत लेखी अर्ज दिला. डिपॉझिटमधली थोडी रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली, बाकीची तोवर पुढे सरकली होती. तुमच्या बाबतीत असं घडलं तर चॅट डिलीट करू नका, त्या नंबराला ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा आणि सकाळची वाट न बघता जिथे रेंज मिळेल तिथून १९३० लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उडायला फार वेळ लागत नाही.

जीएसटी नंबर छापलेला असला की पावती खरी वाटते. तो १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. राहण्याच्या जागेचा जीएसटी ती जागा ज्या राज्यात असेल तिथेच लागतो, म्हणजे भंडारदऱ्याच्या पावतीवर २७ हवेत. आमच्या पावतीवर दुसऱ्याच राज्याचे होते. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की धंद्याचं नाव फुकटात दिसतं. गावातल्या घरगुती खोल्यांकडे हा नंबर बहुधा नसतोच, आणि त्यात वावगं काही नाही. आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. सर्वात सोपं म्हणजे, "आत्ता व्हिडिओ कॉल करा आणि दारातून पाणी दाखवा," असं सांगा. जागेवर बसलेला माणूस रेंज मिळाली की दाखवतो, नसलेला 'मॅनेजर बाहेर गेलेत' म्हणतो. एमटीडीसीचं निवास हवं असेल तर त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, तिथलं बुकिंग 'करून देतो' म्हणणाऱ्यांकडून नको.

त्या पेजची तक्रार आम्ही केली, ओळखीच्यांकडूनही करवली. ते अजून चालू आहे. फक्त नाव बदललंय आणि मावशींची खोली, निळ्या ड्रमासकट, आता महाबळेश्वरच्या जंगलात गेलीय. रात्रीचे साडेसहा हजार.