लॅपटॉप मावतो, अडते ती फाइल: ऑफिसच्या मोठ्या बॅगा तपासून घेताना

दुकानात बॅगेला लटकलेल्या लेबलवर '15.6 इंच' वाचलं की बहुतेकांची खरेदी तिथेच उरकते. हा आकडा स्क्रीनच्या कर्णाचा आहे, बॅगेत काय मावेल याचा नव्हे. 15.6 इंची साधा लॅपटॉप साधारण 36 × 24 सेंमी भरतो, 14 इंची 32 × 22 च्या आसपास. गेमिंगचा असेल तर खोली 27 पर्यंत जाते आणि चार्जर विटेएवढा असतो, तो हिशोब वेगळा. पण एरवी लॅपटॉप न मावण्याची तक्रार फार कमी. बॅग फसते ती कागदांपाशी.

ए-फोर कागद 21 × 29.7 सेंमी. तो प्लॅस्टिकच्या बटण फोल्डरमध्ये घातला की 24 × 32 धरून चाला. फुलस्केप कोब्रा फाइल साधारण 25 × 35. लीगल कागद 21.6 × 35.6, फोल्डरसकट 25 × 37. बॉक्स फाइल उंचीला 35, रुंदीला 28 आणि पाठीला 7 ते 8 सेंमी. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2020 पासून ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी वापरायचं ठरवलं खरं. पण जुन्या खटल्यांची बाडं, स्टॅम्प पेपर, नोंदणीचे दस्त हे सगळं अजून लांब कागदावरच आहे. वकील, सीए, बांधकाम खात्यातले लोक, सोसायटीचे सेक्रेटरी यांना ही मापं टाळता येत नाहीत. म्हणून आधी रोजची सगळ्यात मोठी फाइल मोजा आणि तिच्यासाठी बॅग घ्या. लॅपटॉप तिच्यात आपोआप बसतो.

लेबलवरची मापं बाहेरची असतात. फोम, अस्तर आणि आत दुमडलेली शिवण मिळून प्रत्येक दिशेला 2 ते 4 सेंमी खातात. बाहेरून 40 × 30 लिहिलेली आडवी बॅग आतून 37 × 27 निघते आणि लीगल फोल्डर तिच्यात कोंबावा लागतो. आडवी घ्यायची तर बाहेरून 43 × 32 च्या खाली उतरू नये. दुसरी गोष्ट तोंडाची. चेन फक्त वरच्या कडेला असेल, बाजूंनी खाली उतरत नसेल, तर आत 38 सेंमी जागा असून तोंड 34 च उघडतं. फाइल तिरकी करून घालावी लागते, आणि घाईत तिचा कोपरा चेनच्या दातांवर घासतो. चेन दोन्ही बाजूंना निदान 8-10 सेंमी खाली उतरलेली हवी.

पाठीवरच्या सॅकमध्ये घोळ वेगळाच असतो. माथा घुमटासारखा गोल असल्यामुळे आतली उंची 45 सेंमी लिहिलेली असली तरी वरच्या भागात रुंदी 20 पर्यंत आक्रसते. उभ्या फाइलचे दोन्ही वरचे कोपरे तिथे दुमडतात. टेप घेऊन तळापासून 36 सेंमीवर आतली रुंदी मोजा. ती 26 भरली तरच ती सॅक कागदांची. चौकोनी माथ्याच्या, पेटीसारख्या उघडणाऱ्या सॅक दिसायला ओबडधोबड असतात. फाइलींसाठी त्याच बऱ्या.

लिटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. 45 × 30 × 18 सेंमीची पेटी म्हणजे 24 लिटर. पण बनवणारे बाहेरचे कप्पे, बाटलीची जाळी, कधी वाढीव चेन उघडल्यानंतरची जागाही त्यात धरतात. फुगवायची ती चेन 4-5 सेंमी जाडी देते. मात्र ती उघडल्यावर वजन पाठीपासून दूर सरकतं आणि बॅग मागे ओढते. रोजच्यासाठी ती बंद ठेवूनच बॅग पुरली पाहिजे.

आता वजन. 75 जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला 75 ग्रॅम भरणारे) ए-फोरचे 100 कागद म्हणजे 470 ग्रॅम आणि जेमतेम एक सेंमी जाडी. लीगलचे 200 कागद सव्वा किलोच्या जवळ जातात. त्यात लॅपटॉप 1.7 किलो, चार्जर 400 ग्रॅम, भरलेला डबा 800, लिटरभर पाण्याची स्टीलची बाटली 1.35 किलो, छत्री 400, किरकोळ 300. झाले सहा किलो. सव्वा किलोची 'दणकट' बॅग धरली तर सव्वासात. विमानात केबिन बॅगेला साधारण सात किलोच चालतात. शाळेच्या मुलांसाठी 2020 च्या दप्तर धोरणात मुलाच्या स्वतःच्या वजनाच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे. तोच नियम मोठ्यांना लावला तर 55 किलोच्या माणसाने साडेपाचवर थांबायला हवं, पण मोठ्यांच्या दप्तराची काळजी कोण करतो!

एका खांद्याच्या बॅगेत रोज साडेचार-पाच किलोच्या वर घालू नये. त्यापुढे दोन पट्ट्यांची सॅक किंवा चाकं. रिकाम्या बॅगेचं वजनही बघा: कापडी आडवी बॅग 700 ते 900 ग्रॅम, सॅक 800 ते 1,200, चामड्याची सहज दीड किलो.

बॅग फाटते कुठे? कापड मध्येच फाटलेली बॅग क्वचित दिसते. जातो तो पट्टा जिथे शिवणीत घुसतो तो सांधा, नाहीतर चेनचा कोपरा, नाहीतर खटका. पट्ट्याची दोन्ही टोकं आत निदान 3 सेंमी गेलेली असावीत आणि त्यांवर चौकोनात फुली मारलेली शिलाई किंवा दाट आडवे टाके असावेत. नुसती एक सरळ ओळ असेल तर सहा किलोला ती सहा महिन्यांत उसवते. अस्तर थोडं बाजूला सारून आतली शिवण बघा. कापडाच्या कडेला पट्टी लावून दुमडलेली हवी. उघडी कड असेल तर धागे सुटतात आणि तेच धागे चेनमध्ये अडकतात.

खांद्याच्या पट्ट्याचा खटका ओतीव धातूचा असतो, वर चकचकीत मुलामा. आतली खिट्टी कड्यावर घासून झिजते आणि एक दिवस भर रस्त्यात बॅग सुटते. कडं जोड न दिलेलं, नुसतं वाकवलेल्या तारेचं असेल तर ते वजनाने उघडतं. जोडलेलं जाड कडं आणि रुंद खटका मागा. त्याहून बरं म्हणजे कड्यातून थेट शिवलेला पट्टा. पट्टा काढता येणार नाही, पण तो सुटणारही नाही.

चेनवर मात्र पैसे घालावेत. रनरच्या, म्हणजे चेन उघड-बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या मागे 5, 8 किंवा 10 असा आकडा असतो. बंद दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर. मुख्य कप्प्याला 8 किंवा 10, बाहेरच्या खिशांना 5 चालते. मुख्य कप्प्याला 5 ची चेन लावलेली बॅग, मग ती कितीही देखणी असो, ठेवून द्यावी. वायकेके हा जपानी छाप असला की बहुधा दर्जा चांगला, पण नुसती अक्षरं ठोकलेले नकली रनरही बाजारात आहेत. म्हणून बॅग भरून चेन कोपऱ्यावरून पाच-सहा वेळा फिरवून बघा. कोपऱ्याची गोलाई तीव्र असेल तर रनर तिथे अडतो, आपण जोर लावतो आणि त्याचा जबडा फाकतो. मग चेन बंद केली तरी मागून उघडत जाते. अशा वेळी दात शाबूत असतात, दोष रनरचा असतो. पकडीने दोन्ही बाजूंनी किंचित दाबला तर काही दिवस चालतो, पण तो बदलणंच बरं. नाक्यावरचा चेन दुरुस्त करणारा दहा मिनिटांत बदलून देतो. पूर्ण चेन बदलायला लागली तर शिवण उसवावी लागते. खर्च बराच वाढतो.

लॅपटॉपच्या कप्प्याची परीक्षा सोपी आहे. एक हात कप्प्यात तळापर्यंत घाला, दुसरा बॅगेच्या बुडाखाली धरा. दोन हातांमध्ये नुसतं कापड जाणवलं तर बॅग खाली ठेवताना लॅपटॉपचा कोपरा थेट फरशीवर आपटणार. कप्पा तळापासून 2-3 सेंमी वर टांगलेला हवा. 'पॅडेड' लिहिलेल्या कितीतरी बॅगांत फोम पुढे-मागे असतो, खाली नसतोच. फोम अंगठ्याने दाबा. लगेच उसळला तर ठीक, खड्डा राहिला तर तो स्वस्तातला आहे आणि लवकरच चपटा होणार. फाइल आणि लॅपटॉप यांच्यामध्ये स्वतंत्र पडदा हवा, कारण कोब्रा फाइलची धातूची पट्टी झाकणावर नेमका ओरखडा काढते. आणि अस्तर फिकट रंगाचं घ्या. काळ्या अस्तरात काळी पेनड्राइव्ह शोधणं हा शिक्षेचाच प्रकार आहे.

पावसाळ्याबद्दल दुकानदार जे सांगतात त्यातलं निम्मं सोडून द्या. 'वॉटरप्रूफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बॅगा फक्त पाणी काही वेळ थोपवणाऱ्या असतात. कापडाला आतून लेप असतो, पण सुईच्या प्रत्येक भोकातून आणि चेनच्या दातांतून पाणी शिरतं. स्टेशनपासून ऑफिसपर्यंत पंधरा मिनिटं कोकणी सर अंगावर घेतली की तळाच्या शिवणीतला ओलावा फाइलच्या खालच्या कडेला लागतो. रेनकव्हर उपयोगी आहे, पण ते पाठीची बाजू उघडी ठेवतं. मानेवरून ओघळलेलं पाणी नेमकं तिथून आत जातं, आणि बहुतेक सॅकमध्ये लॅपटॉप त्याच बाजूला असतो. म्हणून जून ते सप्टेंबर कागद आतल्या आत बटण फोल्डरमध्ये आणि लॅपटॉप जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. छत्रीला बाहेरचा, खाली भोक असलेला खिसा हवा. बाटलीचा जाळीदार खिसा इलॅस्टिकवर असतो, ते वर्षभरात ढिलं पडतं. कापडी, चुणीचा खिसा जास्त टिकतो. लिटरची बाटली 7 ते 7.5 सेंमी जाड असते, तीच घालून बघा.

कापडात डेनियर हा धाग्याच्या जाडीचा आकडा: 9,000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. 600 चं पॉलिएस्टर कॉलेजसाठी ठीक, रोजच्या सहा किलोंना 900 च्या पुढे किंवा 1680 चं नायलॉन. आकडा मोठा म्हणजे सगळं उत्तम असं नाही. 1680 च्या कापडावर एकेरी शिलाई मारलेल्या बॅगा मुबलक मिळतात.

चामड्यासारखं दिसणारं पीयू (कापडावर पॉलियुरेथेन प्लॅस्टिकचा लेप) मात्र आपल्या हवेत घेऊ नये, हे स्पष्टच सांगितलेलं बरं. दमटपणाने तो लेप रासायनिकदृष्ट्या तुटत जातो. बॅग कपाटात नुसती ठेवली तरी दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतात, हँडलच्या घडीपासून सुरुवात होते आणि काळे कण शर्टाच्या बाहीला लागतात. याला दुरुस्ती नाही. खरं चामडं घ्यायचं तर कापलेली कड बघा: तंतुमय, थोडी असमान दिसते. कडेला पातळ थर आणि खाली विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन किंवा पीयू. 'जेन्युइन लेदर' हा शिक्काही फार काही सांगत नाही, चिरलेल्या खालच्या थरावर लेप दिलेलं चामडंही त्या नावाने खपतं. मुंबईत धारावीच्या चामड्याच्या दुकानांत मापाप्रमाणे बॅग शिवूनही मिळते. लीगल फाइल सोबत न्या आणि मुख्य चेन 8 ची लावून मागा. पावसाळ्यात चामडं भिजलं तर पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा हीटरजवळ नको. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं की हमखास बुरशी येते. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा.

टोट, म्हणजे दोन लांब हँडलांच्या, वरून उघडणाऱ्या बॅगेबद्दल एवढंच, की ती निवडताना हँडलची उंची आधी बघा. खांद्यावरून बगलेपर्यंत मोकळी जागा 25 सेंमी तरी हवी, नाहीतर कुडत्यावर जॅकेट घातलं की ती अडकते. तळ 12 सेंमी रुंद आणि आत कडक पट्टी असेल तर ती जमिनीवर उभी राहते. नसेल तर लॅपटॉप एका बाजूला कलंडतो आणि फाइल वाकते. वर पूर्ण चेन हवीच. नुसत्या चुंबकाच्या बटणावर गर्दीच्या लोकलमध्ये भरवसा ठेवता येत नाही. लोकलने जाणाऱ्यांना सॅक पुढे छातीवर घ्यावी लागते, तेव्हा 18 सेंमीहून जाड सॅक दारातल्या गर्दीत त्रासच देते. स्कूटरवर पायांत ठेवायची तर बुडाला रबरी पाय किंवा जाड कापड असलेली घ्या.

किमतीचं म्हणाल तर छापील किमतीवर 60-70 टक्के सूट बारा महिने चालू असते, तिला सूट समजू नका. हातात पडणारी किंमत बघा. 1,200 ते 2,500 मध्ये कापडी बॅग मिळते, पण चेन आणि पट्टे तपासूनच. 3,000 ते 5,000 मध्ये वरच्या बहुतेक अटी पूर्ण होतात आणि बहुसंख्य लोकांनी याच पट्ट्यात थांबावं. चामडं 7,000 च्या पुढे. वॉरंटी सहसा शिलाई, चेन, खटका यांच्या मूळ दोषापुरती असते. झीज, डाग, फाटणं त्यात येत नाही. बिलाचा फोटो लगेच काढून ठेवा, छापील बिलाची शाई वर्षभरात उडते.

दुकानात जाताना लॅपटॉप, चार्जर, सगळ्यात मोठी फाइल, डबा आणि भरलेली बाटली बरोबर न्या. दुकानदार कुरकुरला तरी सगळं भरा, हँडलला धरून दोन-तीन मिनिटं उचला, मग जमिनीवर ठेवा. चेनच्या दोन्ही बाजू फाकत असतील, हँडलच्या मुळाशी कापडाला सुरकुत्या पडत असतील किंवा बॅग पुढे तोंडावर पडत असेल तर दुसरी मागा. ऑनलाइन घेतलीत तर लेबल न काढता हीच परीक्षा परत पाठवायची मुदत संपण्याआधी घरी करा.