९०% अनुदानावर मिळणारा ‘लीन’ सल्लागार: घ्यावा का?

‘लीन’ म्हणजे कारखान्यातला वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याची पद्धत. केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) मंत्रालयाची ‘लीन’ योजना मार्च २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी असलेल्या कारखान्याने पोर्टलवर ‘लीन शपथ’ घ्यायची, बेसिक पातळी उरकायची. पुढच्या दोन पातळ्यांना सल्लागाराच्या फीचा ९०% भार सरकार उचलते. महिला किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीचा कारखाना असेल तर आणखी ५%. सौदा स्वस्तच आहे. महाग पडतो तो मालकाचा वेळ, त्याला अनुदान नाही.

असा सल्ला लागू पडतो का, हे तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत २००८ पासून तपासले गेले. काहींना पाच महिने सल्लागार फुकट, काहींची फक्त एक महिना पाहणी. पूर्ण मदत मिळालेल्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात सुमारे १७% वाढली. कामे साधीच होती: ताणा तुटला, बाणा चुकला, तेलाचा डाग पडला, अशी दोषांची रोज प्रकारवार नोंद आणि त्यावर रोजची बैठक, सूत रंगछटा आणि लॉटप्रमाणे रॅकवर, मागांची देखभाल बिघाडाआधी. नोंद नसली की मेंडिंगवाले, म्हणजे विणलेले कापड दुरुस्त करणारे, दोष निमूट काढून टाकतात आणि तोच माग उद्या तोच दोष काढतो.

२०१७ मध्ये पुन्हा पाहिले, तर जवळपास निम्म्या पद्धती सुटलेल्या. मॅनेजर बदलले, मालकांना वेळ उरला नाही. तरी मदत न मिळालेल्यांपेक्षा हे कारखाने पुढेच होते.

म्हणून सल्लागार येण्याआधी दोन आठवडे चार आकडे लिहून ठेवा: रिजेक्शन, मशीन बंद राहिलेली मिनिटे, सेटिंग बदलायला लागणारा वेळ, कच्चा माल किती दिवसांचा पडून आहे. हे नसेल तर ‘फाइव्ह एस’च्या (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पद्धतीच्या) नावाखाली जमिनीवर पिवळे पट्टे, आधीचे-नंतरचे फोटो आणि एक जाड फाइल एवढेच हाती लागते. मशीन बंद पडल्याची नोंद त्याच वेळी, ऑपरेटरच्याच हातची हवी. शिफ्ट संपताना सुपरवायझरने भरलेला तक्ता लगेच ओळखू येतो: सगळे आकडे १०, १५, ३०. कधी १७ मिनिटे नाहीत.

मालक रोज पंधरा मिनिटे त्या तक्त्यापाशी उभा राहणार नसेल, तर बेसिकवरच थांबावे. मॅनेजर सोडून जाताना तक्ता भरण्याची पद्धत नव्या माणसाला लेखी द्यायची अटही सल्लागाराच्या कामात आधीच घालून घ्यावी.